नातीचं दृढीकरण आणि अमेरिकेतला तो पाद्री

दृढीकरण म्हणजे काय ते आमच्यात नसलेल्यांना आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा त्याच्या वतीने आईबाप 'हो' म्हणतात. बाळ बिचारं झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं. पुढे ते मोठं झालं, कळतं झालं, की बिशपसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणतं. ते दृढीकरण. मुलीच्या मागे तेव्हा तिची धर्ममाता उभी असते, खांद्यावर हात ठेवून. म्हणजे, मी हिला ओळखते, ही मनापासून आली आहे, अशी ग्वाही. माझ्या नातीने धर्ममाता म्हणून मला निवडलं होतं. मैत्रिणींनी मावश्या-आत्या निवडल्या, हिने आजी.

मी वसईची. मिस्टर गेल्यावर मुलाने मला दुबईला आणलं. जुमेरा लेक टॉवर्समध्ये आम्ही राहतो, इतक्या वर की खालचं तळं दिसतं पण माणसं दिसत नाहीत. मुलगा-सून दोघंही ऑफिसला. दुपारी शाळेची बस आली की घरात मी आणि नात. माझी शाळा सातवीला सुटली, बाकी जे काही येतं ते वाचून आणि लोकांना विचारून विचारून. म्हणून तिचा होमवर्क मला आवडतो. ती इंग्लिशमध्ये सांगते, मी मराठीत विचारते, मध्ये कुठेतरी आमची गाठ पडते.

तिची शाळा अमेरिकन पद्धतीची. तिथे त्यांना जुन्या अमेरिकेवर एक डिबेट होतं. तो देश अजून इंग्रजांच्या ताब्यात होता तेव्हाची गोष्ट. इंग्लंडचा राजा म्हणे माझ्याच पद्धतीने प्रार्थना करा. काही भाविक लोकांना ते पटेना, ते जहाजात बसून अमेरिकेला गेले. आणि तिकडे जाऊन काय केलं? बाकीच्यांना आपल्या पद्धतीची प्रार्थना करायला लावली. चर्चला आला नाहीस तर दंड भर. तेव्हा त्यांच्यातलाच एक तरुण पाद्री उठला आणि म्हणाला, देवाच्या कामात सरकारने हात घालायचा नाही. त्यांनी त्याला हद्दपार केलं, तेही ऐन बर्फात. तिथल्या मूळ लोकांनी त्याला आसरा दिला. त्यांच्याकडून जमीन घेऊन त्याने नवं गाव वसवलं, जिथे कुणालाही मनाविरुद्ध गुडघे टेकायला लावायचे नाहीत.

नातीला त्या पाद्र्याची बाजू मांडायची होती.

"आजी, तू त्याला शिक्षा देणारा मॅजिस्ट्रेट हो," ती म्हणाली. "यू आर गुड ॲट शाउटिंग."

मी सोफ्यावर ताठ बसले. हातात लाटणं.

"काय रे पाद्री, देवाच्या दहा आज्ञा मोडणाऱ्याला सरकारने मोकळं सोडायचं?"

"चोरी, खून, खोटी साक्ष, दॅट इज युअर जॉब. पण पहिल्या चार आज्ञा गॉडच्या आहेत. त्यात तुम्ही यायचं नाही."

"तीन."

"फोर, आजी."

"पहिल्या तीन देवाच्या. चौथी आईबापाचा मान राख. वसईत धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायचे मी, मला नको शिकवूस."

तिने फोनवर पाहिलं. ते लोक प्रोटेस्टंट, त्यांची मोजणी वेगळी, आपली वेगळी. म्हणजे दोघी बरोबर. ती म्हणाली, "बाय द वे, दे वुड हॅव थ्रोन यू आउट टू. कॅथलिक लोक त्यांना अजिबात चालत नव्हते. हा पाद्रीसुद्धा पोपला शिव्या द्यायचा."

"मग कशाला एवढी बाजू घेतेस त्याची?"

"कारण तो म्हणायचा, तरी त्यांना राहू द्या. त्यांची प्रेयर त्यांची."

मला वाटत होतं, असलं बोलणारा माणूस देव न मानणारा असणार. उलट होतं. देवावर त्याचं इतकं प्रेम की जबरदस्तीची प्रार्थना त्याला देवाचा अपमान वाटायची. चर्च म्हणजे बाग, म्हणायचा, आणि बाहेर रान. मध्ये कुंपण हवं. हे मला लगेच कळलं. आमच्या वसईला केळीच्या वाडीला वई घालतात ती काही गुरांच्या भल्यासाठी नाही, केळीसाठी घालतात. सरकारचं जनावर आत शिरलं तर नुकसान वाडीचं.

पण मी मॅजिस्ट्रेट होते ना. विचारलं, "आणि आईबाप? बापाने सांगितलं चर्चला चल, तर मुलाने काय म्हणायचं?"

तिने वही चाळली. डिबेटमधलं उत्तर शोधते आहे असं मला वाटलं.

"आजी, पप्पा म्हणतात म्हणून मी बिशपला 'हो' म्हटलं, देन हूज येस इज इट?"

मी लाटणं खाली ठेवलं. "बाय, तुला नाही करायचं दृढीकरण?"

"आय डोन्ट नो येट." डोळे भरले होते तिचे. "मी विश्वास नाही असं नाही म्हणत. मला माहीत नाही. पण माझं 'हो' आहे असं सगळे धरूनच चालतात."

मग तिने विचारलं, आपण ख्रिश्चन कसे झालो? आता काय सांगू? आमच्याकडे एक जुनी गोष्ट सांगतात. पोर्तुगीजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक ते पाणी प्याले, तेव्हा बाकीच्यांनी त्यांना बाटलेले ठरवलं आणि परत घेतलं नाही. खरी की खोटी देव जाणे. काहीजण मनानेही झाले असतील. मी लहानपणापासून ही गोष्ट हसत हसत ऐकली, हसत हसत सांगितली.

नात हसली नाही. "सो नोबडी आस्क्ड देम," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी जेवताना तिने बापाला सांगितलं. माझा मुलगा वाईट नाही हो, उगाच गैरसमज नको. दर रविवारी दमलेला असला तरी आम्हाला गाडीत घालून मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नेतो. इथल्या राजाने जमीन दिली, त्या एका आवारात निरनिराळ्या पंथांची चर्चेस शेजारी शेजारी आहेत. आत शिरताना मी दर वेळी मनात आभार मानते. मुलगाही मानतो. म्हणूनच तो चिडला.

"परक्या देशात आपल्याला एवढं मिळालंय. लोक लांबच्या मजुरांच्या कॅम्पमधून दोन बस बदलून मिसाला येतात. आणि हिला नको?"

"पप्पा, आय सेड आय डोन्ट नो."

"काय डोन्ट नो? दोन वर्षं क्लासला गेलीस. सगळ्या फॅमिलीज येणार. वसईहून तुझी आत्या तिकीट काढून बसली आहे."

"मग आत्यानेच घ्यावं दृढीकरण," मी म्हटलं. हसवायला म्हटलं होतं. कुणी हसलं नाही.

सून भात वाढत राहिली. नात उठून आत गेली. मग मुलगा माझ्याकडे वळला, आवाज खाली आणून. "आई, दोन-तीन वर्षांत ती कॅनडाला शिकायला जाईल. ना वसई, ना मराठी, ना आपलं कुणी. एवढंच तिच्याबरोबर देऊ शकतो मी. आता सुटलं तर खलास. तू तिला समजाव. तुझं ऐकते ती."

ते खरं होतं. मी म्हटलं असतं तर ती उभी राहिली असती, माझ्यासाठी. तेच मला टोचत राहिलं. मॅजिस्ट्रेटने दंड लावला तर निदान दंड दिसतो. माझ्या मायेने तिच्याकडून 'हो' काढून घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं.

पुढच्या रविवारी मिसानंतर फादर प्रत्येक मुलाला आणि धर्ममातेला भेटणार होते. मुलगा आमच्यामागे उभा. आमचे फादर मंगळूरकडचे, शांत माणूस. नातीला त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरं दिली, अभ्यास होता तिचा. मग माझ्याकडे पाहून हिंदीत म्हणाले, "आप बताइए माँजी, बच्ची तैयार है?"

सोपं उत्तर तयार होतं माझ्याकडे. हो म्हणायचं, देव बाकीचं बघून घेईल. आम्ही सगळे तसेच तर आलो. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात विनवणी नव्हती. मी काय म्हणेन ते ती मान्य करणार होती.

"नहीं, फादर," मी म्हटलं. "अभी नहीं."

मागे मुलाने श्वास घेतला तो मला ऐकू आला. फादर रागावले नाहीत. मन नसेल तर चर्चलाही नको असतं, थांबू, असं म्हणाले, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आलो. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सून आणि नात उतरल्या, तेव्हा मुलगा स्टिअरिंगवरून हात न काढता म्हणाला, "माझ्या मुलीचा निर्णय तू घेतलास."

"मी तिचा निर्णय नाही घेतला. खोटी साक्ष दिली नाही, एवढंच."

"शब्द तुझ्याकडे नेहमीच असतात, आई."

दृढीकरणाच्या दिवशी आम्ही घरीच थांबलो. आत्याने तिकीट रद्द केलं आणि अजून मला फोन करत नाही. आणि सगळ्यात वाईट ते आता सांगते. नात हळूहळू रविवारची यायची बंद झाली. कधी टेस्ट, कधी डोकेदुखी, मग कारणंही संपली. मला बिलगते, माझ्याशी गप्पा मारते, पण मी रोझरीची माळ घेऊन प्रार्थनेला बसले की खोलीचं दार हळूच लोटून घेते. मी तिला काही विचारत नाही. विचारायला जीभ शिवशिवते, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी चर्चच्या आवारात गाडी लावायला जागा मिळेना. फिरून फिरून शेवटी भिंतीकडेला मिळाली. सून पुढे जागा धरायला गेली. मुलाने इंजिन बंद केलं आणि बसून राहिला.

"ती कधी परत नाही आली तर?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नसताना तू फादरला नाही म्हणालीस."

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. मग उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, आणि मिसाला उशीर होतोय म्हणाला.