कापसाच्या खोलीतला सर्व्हर

आमच्या घरी सर्व्हर होता आणि तो कापसाच्या खोलीत राहत होता.

आमच्या फुलसावंगीत भाव वाढेपर्यंत कापूस घरातच मुक्काम ठोकतो. माणसांनी उरलेल्या जागेत मावायचं. म्हणून मी जुना कॉम्प्युटर ढिगाला टेकवून रात्रंदिवस चालू ठेवला, घरचं इंटरनेट जोडलं आणि धाकट्या बहिणीच्या, सुषमाच्या, साक्षगंधाचे, म्हणजे साखरपुड्याचे, फोटो त्यावर चढवले. राजूरच्या व्याह्यांना लिंक धाडली. वर ऐटीत म्हटलं, "दुसऱ्याच्या दारात कायले ठेवाचे फोटो? आपला सर्व्हर, आपलं राज्य!" (राज्य आठवडाभर टिकलं.)

एका सकाळी सुषमाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा, देवरावजींचा, फोन.

"काहो, पोरीचे फोटो काहून काढून टाकले?"

"काढले नाही जी, जरासा..." मी सांगायला लागलो.

"आमची सारी भावकी पाहाले बसली अन् नुसता पांढरा पडदा! सोयरीक मोडाची असन तं तोंडावर सांगा!"

फोन कट! बाबांनी पुन्हापुन्हा लावला, कोणी उचलेना. सुषमा रडायला लागली. आईने कपाळावर हात मारला.

"तुले कोणं सांगतले होते हे शहाणपणाचे कामं?" बाबा कडाडले.

मी खोलीत धावलो. पंख्याने कापूस ओढून ओढून कॉम्प्युटरच्या पोटात अख्खी उशी भरली होती! आणि तापला असा, की हात लावताच मी बोंबललो.

"कापसात चूल मांडली या माकडानं!" बाबांनी वायरच उपटली. वर्षाचं पीक एका ठिणगीवर होतं. मी चिमटा घेऊन कॉम्प्युटरचं पोट उघडलं.

संध्याकाळी दारात जीप थांबली तेव्हाही मी ढिगात बसून चिमट्याने कापूस उपटतच होतो. देवरावजी रागाने तरातरा आत आले आणि थबकले.

"हे काय करून राह्यला, नवरदेवाचे साळे?"

"सर्व्हर साफ करून राह्यलो जी." (तोंडातून थोडा कापूस बाहेर आला.)

त्यांनी माझा पांढराफटक अवतार पाहिला, सुषमाचे सुजलेले डोळे पाहिले आणि पोट धरून हसत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"म्हंजे सोयरीक पक्कीच हाये ना?"

"पक्की!" सुषमा आतूनच ओरडली. लाजायचं तिने नंतर उरकलं.

लग्न झोकात झालं. बाबांनी फोटोग्राफरला बजावलं, "फोटो कोणालेही दे, फक्त आमच्या पोट्ट्याले देऊ नको." आणि मुलीचा सख्खा थोरला भाऊ म्हणून मला मांडवात एकच जबाबदारी दिली: एकाही वायरीला हात लावायचा नाही.