वाकून दाखव

माझ्या आईचं लुगडं त्यांनी काठीने उचललं.

सोवळ्याचे कपडे उंच दांडीवर वाळत घालायला घरात जी लांब काठी असते, ती. कपड्याला हात लागू नये म्हणून असते. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत आमच्या सरांच्या घरामागच्या परसात आमच्या वर्गाच्या सिनेमाचं शूटिंग होतं. लुगडं मी आणलं होतं आणि मागितलं सरांनीच होतं. मोलकरणीच्या कामाला खरंखुरं, वापरलेलं लुगडं पाहिजे म्हणाले. आईने ते रिठ्याच्या पाण्यात धुतलं. तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवला. घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. आपलं लुगडं सिनेमात जाणार म्हणून तिला कोण आनंद झाला होता.

मोलकरणीचं काम वर्गातलीच एक मुलगी करणार होती. वकिलाची मुलगी, गोरीपान. सोबतीला तिची आई आली होती. तिने लुगड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सरांना तमिळमध्ये विचारलं, हे कुणाच्या अंगावरचं? सरांनी नजर माझ्याकडे वळवली. तेवढ्यात तिला उत्तर मिळालं. तिने भिंतीला टेकवलेली काठी घेतली, तिच्या टोकावर लुगडं धरलं आणि मोरीपाशी नेऊन टाकलं.

सरांनी काय केलं? तांब्याभर पाणी काठीवर ओतलं आणि काठी होती तिथे परत टेकवून ठेवली. अगदी सहज. जेवल्यावर हात धुवावेत इतकं सहज.

मग दुकानातून एक कोरी साडी आणली. सकाळच्या कॉफीचा चोथा पातेल्यात उकळला आणि साडी त्यात बुडवली. वाळल्यावर ब्लेडने पदर फाडला, परसातली माती चोळली, वरून तेलाचा हात पुसला. वर्गातली पोरं हसत हसत हे सगळं करत होती. एकजण म्हणाला, आता कशी गरिबाची वाटते. तिकडे मोरीपाशी माझ्या आईचं स्वच्छ, घडी मोडलेलं लुगडं पडलं होतं. त्यांना गरिबी पाहिजे होती, पण ती त्यांच्या घरच्या चोथ्यात उकळलेली. मला तेव्हा रडू आलं नाही. किळस आली. ती अजून गेलेली नाही.

आता थोडं मागचं सांगतो.

माझा बाप केंद्र सरकारच्या कचेरीत शिपाई. नागपूरकडून बदली होऊन मद्रासला आला तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. आम्ही महार. बापाने दीक्षा घेतली होती, पण बदलीच्या गावाला ती कुठे ठाऊक? आम्ही तिरुवल्लिकेणीच्या कडेला कालव्यालगत राहायचो. आई लोकांकडे धुणीभांडी करायची. मी तमिळ रस्त्यावर शिकलो, इंग्रजी शाळेत, आणि मराठी आईच्या तोंडून.

बी.ए. झालो तेव्हा मद्रासमधल्याच अड्यारच्या एका कॉलेजात विद्यापीठाचा नवा कोर्स निघाला. सिनेमा आणि लेखन, दोन्ही एकत्र. आधी गोष्ट लिहायची, वर्गात वाचायची, मग तिचीच पटकथा करायची. शेवटच्या वर्षी वर्गाने एक गोष्ट निवडून तिचा छोटा सिनेमा करायचा, आणि त्यावर डिप्लोमा. मला दोन्हीचं वेड. मॅटिनीच्या पडद्यासमोर बाकड्यावर बसून मी मोठा झालो होतो. बाप म्हणाला, नोकरी बघ. पण मी ऐकलं नाही.

सर तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या जुनी मराठी बोलत आलेले. पहिल्याच दिवशी मी मराठी आहे कळल्यावर त्यांचा चेहरा फुलला. मद्रासमध्ये मराठी माणूस म्हणजे राव, म्हणजे ब्राह्मणच, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं की माझ्या नावाला त्यांनी न विचारताच राव जोडला. घरी नेऊन ओटीवर बसवलं. कॉफी दिली. गाव कुठलं, कुळदैवत कोणतं, मुंज कुठे झाली, असं ताकाला जाऊन भांडं लपवत विचारत राहिले. मी म्हणालो, आमच्यात मुंज नसते. त्यांनी ते चेष्टेवारी नेलं.

मग मी गोष्ट लिहिली. मराठीत लिहिली, रात्रंदिवस खपून इंग्रजी केली आणि वर्गात वाचली. गोष्ट माझ्या आईची होती. सरांसारख्याच तंजावरकडच्या एका कुटुंबात ती परसात भांडी घासायची. तिने घासलेली भांडी पालथी घालून ठेवायची, मग घरातली बाई त्यावर पाणी शिंपडणार, आणि मगच भांडी आत जाणार. रोजचंच होतं. एक दिवस नवीन सून आली होती, तिला शिकवायला म्हणून बाईने आईच्या डोक्यावरूनच पाणी शिंपडलं. आईच्या अंगावर उडालं. आई उठली. हातातली राख झटकली आणि म्हणाली, "मी घासलेलं तुमाले चालत नाही, त मंग घासा आपल्याच हातानं." आणि चालायला लागली. पुन्हा त्या दारात गेली नाही. आमच्या घरी त्यानंतर कितीतरी दिवस एक वेळची चूल पेटली. तेही मी लिहिलं होतं.

वाचून झालं. सरांनी विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, माझी आई. त्या दिवसापासून माझ्या नावाचा राव गेला. ओटीवरची कॉफीही गेली. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण कायले केलं?"

पण गोष्ट सगळ्यांना आवडली होती. सिनेमासाठी तीच निवडली. मला वाटलं, जिंकलो. आता आई पडद्यावर उठेल, राख झटकेल आणि शेकडो माणसं बघतील. मला दुसरं काही नको होतं. डिप्लोमासुद्धा त्यासाठीच हवा होता.

मग त्यांची चर्चा सुरू झाली. सिनेमाच्या धंद्यात याला गोष्टीवर बसणं म्हणतात. दहाजण एका गोष्टीवर बसतात आणि उठतात तेव्हा खाली काही उरत नाही. सर म्हणाले, राग प्रेक्षकाला सोसत नाही, करुणा सोसते. तेव्हा मोलकरणीच्या हातून आधी एक भांडं फुटू दे. ती मालकिणीचे पाय धरू दे. मालकिणीचं मन द्रवू दे, ती तिला एक साडी देऊ दे. शेवटी दोघी रडतील. मी म्हणालो, असं झालंच नाही. सर म्हणाले, झालेलं सांगायला सिनेमा कशाला? वर्ग हसला. मी भांडलो. पटकथा दोनदा परत लिहून नेली. शेवटी सर म्हणाले, शूटिंगच्या वेळी बघू. त्या शब्दावर मी थांबलो.

आणि शूटिंगच्या दिवशी ती काठी.

त्यानंतर मी निघून जायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल. पण माझी आई अजून त्या कॅमेऱ्यात जायची होती. मी थांबलो. वकिलाच्या मुलीच्या गोऱ्या तोंडाला, हातांना काजळीचा लेप फासला. चोथ्याची साडी नेसवली. मी चांगला काळा, तिथेच उभा. माझ्याकडे बघून रंग जुळवत होते, इथे अजून थोडा, गळ्याला थोडा.

कॅमेरा लागला. मुलगी मालकिणीसमोर वाकली. सरांना पटेना. आणखी वाक म्हणाले. पाठ दिसली पाहिजे. तिला जमेना. तिला बिचारीला कुणापुढे वाकायची सवयच नव्हती. पाय धरते म्हणजे नमस्कार केल्यासारखी दिसे. फिल्म फुकट जायला लागली. सर वैतागले. मग त्यांची नजर माझ्यावर आली. इतक्या महिन्यांनी ते माझ्याशी मराठीत बोलले. गोड आवाजात.

"तूं ये. तुला ठाऊक अहे. तिला वाकून दाखव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ठाऊक आहे, असं त्यांनी धरूनच चाललं होतं. वाकणं आमच्या रक्तात असतं, पोहणं माशाच्या असतं तसं. मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकलो नाही. म्हणालो, "मला येत नाही. माझ्या आईलाही येत नव्हतं."

सर म्हणाले, "सरी, बरं, राहूं दे. हट्ट केलास तर डिप्लोमा हातचा जाईल."

मी म्हणालो, "जाऊ दे. गोष्ट माझी आहे. मी ती देत नाही."

मोरीपाशी जाऊन लुगडं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं आणि परसाच्या दाराने नाही, घरातून, ओटीवरून चालत बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. मागे घर धुतलं असेल तर माहीत नाही. धुतलं असणार.

त्यांनी सिनेमा केलाच. माझ्या होकारावाचून त्यांचं काय अडणार होतं? कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवला तेव्हा मी गेलो. आईही येते म्हणाली. मी तिला नेलं नाही. सिनेमात काय दाखवणार ते, आणि लुगड्याचं काय झालं तेही तिला सांगून टाकलं, काठीसकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याईले सांगून ये, मी पाय धरले नोयते."

हॉल भरलेला. रेशमी साड्या, अत्तराचा वास. पडद्यावर ती काजळी फासलेली बाई रडत पायांवर पडली आणि हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. रुमाल निघाले. हीच माणसं घरी जाऊन मोलकरणीने घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडणार होती. पण आत्ता रडत होती, आणि रडून किती हलकी होत होती. इतकं घाण दृश्य मी दुसरं पाहिलं नाही. सडलेल्या ढोराजवळ मी उभा राहिलोय. त्याचा वास याहून बरा होता.

दिवे लागले. सर स्टेजवर गेले. त्यांचेही डोळे ओले. मी मागे उभा असलेला त्यांना दिसला. इंग्रजीत म्हणाले, मूळ कल्पना ज्याची, तो विद्यार्थी इथे आहे. झालं गेलं विसरून त्याने वर यावं, त्याचं नाव सिनेमाला देऊ, डिप्लोमाचंही बघू. टाळ्या वाजल्या. लोकांनी माझ्यासाठी वाट केली.

मी गेलो नाही. जागेवरून बोललो. इंग्रजीत नाही, तमिळमध्ये बोललो, कारण दाराशी वायरमन आणि झाडूवाल्या बायका उभ्या होत्या, त्यांना कळायला हवं होतं. म्हणालो, हे खोटं आहे. त्या बाईने कुणाचे पाय धरले नाहीत. तिने काम फेकलं आणि ती निघून गेली. ती माझी आई आहे, आणि तुमचं रडणं तिला नको आहे.

टाळ्या बंद पडल्या. कुणीतरी म्हणालं, काय उद्धट पोरगा. बरोबर होतं.

डिप्लोमा मिळाला नाही. बापाच्याच कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. सिनेमा सुटला, लिहिणं सुटलं नाही. लोक अधूनमधून सांगतात, चांगलं लिहिता, जरा राग कमी करा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल असं लिहा. त्या हॉलमधल्या लोकांचं पाणी मी पाहिलं आहे. माझं वाचून कुणी हुंदका देऊन हलका झाला, तर मी लिहिलेलं फाडून टाकीन आणि पुन्हा लिहीन. वाचणाऱ्याला स्वतःची किळस येईपर्यंत लिहीन.