माझी कीटकपेटी आणि मावशींची झुरळं

परभणीत खोली घेतली त्या दिवशी घरमालकीण मावशींनी आम्हा दोघींना तीन गोष्टी सांगितल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, गच्चीवर पापड वाळत असले तर वर जायचं नाही, आणि खोलीत झुरळं नाहीत. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या.

ती खोली पूर्वी मावशींच्या यजमानांच्या किराणा दुकानाचं गोदाम होती. गूळ, साबुदाणा, पोहे असा सगळा माल तिथे राहून गेलेला. माल गेला, झुरळं राहिली. दिवा लावला की भिंतीवरून पाच-सात जणं पळायची आणि फळीमागे शिरायची. माझी खोलीसोबतीण येलदरीकडची. तिचे वडील धरणात मासे धरतात, त्यामुळे वळवळणाऱ्या कुठल्याच जिवाची तिला किळस नव्हती. ती वाणिज्य शाखेत होती, पण चपलेचा नेम असा की मैदानी खेळात गेली असती तर नाव काढलं असतं.

मी पालम तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि तेही कृषीच्या पदवीला. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी मला पोचवताना खोली पाहिली, खिडकी उघडझाप करून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "उजेड हाय. अभ्यास होईल." मला तेवढं पुरेसं होतं. झुरळांबद्दल मी घरी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला कीटकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी कीटकपेटी करायची होती. काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, तळाला थर्माकोल, त्यावर टाचणीने नीट टोचलेले किडे, प्रत्येकाचं नाव, कुठल्या पिकावर मिळाला ते. प्रात्यक्षिकाच्या गुणांतला मोठा वाटा या पेटीचा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी जाळी घेऊन फिरले. विद्यापीठाच्या शेतात, गावी गेले की आमच्या कापसात, बसस्टँडवरच्या दिव्याखालीसुद्धा. स्टँडवर एका आजोबांनी विचारलं होतं, "काय हारपलं का माय?" मी म्हटलं, "पतंग धरायलेय." ते शांतपणे दोन बाकडी पलीकडे जाऊन बसले.

कीटकशास्त्राच्या मॅडमनी नावाची चिठ्ठी टाचणीतच अडकवायला सांगितली होती. मला मात्र माझी पेटी सगळ्यांत देखणी व्हायला हवी होती. म्हणून मी रंगीत कागदाच्या पट्ट्या कापल्या, सुंदर अक्षरात नावं लिहिली आणि प्रत्येक किड्याखाली चिकटवली. डिंक आणला नाही. आमच्या घरी वहीच्या कव्हरापासून लग्नाच्या पताकांपर्यंत सगळं कणकेच्या खळीनेच चिकटवतात. स्टोव्हवर वाटीभर खळ शिजवली आणि पट्ट्यांना हात सैल सोडून लावली. पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवायच्या असतात. त्या वासाने आमचं डोकं दुखायचं, म्हणून त्या काढून ट्रंकेत टाकल्या. झाकण एका कोपऱ्यात जरा वर राहत होतं. सुताराला दाखवू म्हटलं, ते राहिलंच.

संक्रांतीला आम्ही दोघी आपापल्या गावी गेलो. चार दिवसांनी सकाळी परत आलो, पेटी उघडली आणि मी खोलीसोबतिणीला हाक मारली.

खोलीसोबतीण वाकून पाहू लागली. "अगं, ह्या फुलपाखराचे पंख हायेत, पोट कुठाय?"

पोट नव्हतं. नाकतोड्याचे नुसते पाय उरले होते. चतुराचं डोकं टाचणीजवळ वेगळंच पडलेलं. रंगीत पट्ट्यांच्या कडा कुरतडून महिरपी झाल्या होत्या. आणि पेटीच्या कोपऱ्यात, दोन मिशा हलवत, जेवण झाल्यासारखं एक झुरळ बसलं होतं.

पेटी दाखवायला बारा दिवस होते. पावसाळ्यातले किडे जानेवारीत कुठून आणायचे? मी रडायला लागले.

"रडायलीस कशाला?" ती म्हणाली. "मेलेल्यांनाच खाल्लंय की त्यांनी. थांब, मी गावाकडून फवारणीचा पंप आणते. खोलीत एक हात मारला की विषय संपला."

दारातून जाणाऱ्या मावशींनी हे ऐकलं. "पंप? अन् तुमी राहणार कुठं? खोलीत पोरी राहायल्यात का बोंडअळ्या?"

"मावशी, झुरळं लय झालीत."

"माझ्या घरात झुरळं? तुमीच गावाकडून भाकरीच्या पिशवीत आणले असतील."

पंपाची गोष्ट तिथेच मिटली, आणि ते बरंच झालं. शेतातलं औषध बंद खोलीत मारायचं नसतं हे मला वर्गात शिकवलं होतं. पण त्या क्षणी मीही मान हलवून बसले होते.

संध्याकाळी मी दादांना फोन लावला. "दादा, माझी पेटी झुरळांनी खाल्ली."

"पेटी? लाकूड खायलेत का तिकडं झुरळं?"

मी सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कोन्ते कोन्ते किडे गेले ते सांग. सावकाश सांग."

मी सांगत गेले, ते पलीकडून "हां" म्हणत गेले. शास्त्रीय नाव त्यांना एकाचंही माहीत नव्हतं. पण कुठला किडा या दिवसांत कुठे सापडेल हे प्रत्येकाबद्दल त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उजेडात मी पेटीपुढे भिंग घेऊन बसले. तेव्हा एक गोष्ट दिसली. रंगीत कागद संपल्यामुळे शेवटच्या दोन ओळींना मी पट्ट्या लावल्याच नव्हत्या. त्या ओळींतले किडे जवळजवळ शाबूत होते. म्हणजे झुरळं आली होती ती खळ खायला. किडे त्यांनी तोंडी लावले होते.

मी हे सांगितल्यावर खोलीसोबतीण पोट धरून हसली. "म्हणजे तू त्यांना जेवायला बोलावलंस, वर ताटाखाली रंगीत कागद अंथरलास!"

मला हसू आलं नाही. पण मग तीच म्हणाली, "आवडतीय ना त्यांना खळ? मग तीच घाल की."

मी औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर आणली. तशीच वाटीभर खळ शिजवली, त्यात गुळाचा खडा टाकला आणि पावडर कालवली. वाटी आणि चमचा त्या कामासाठी कायमचे वेगळे काढले. रंगीत कागदाचे उरलेले तुकडे घेऊन त्यांवर ही खळ लावली आणि फळीमागे, मोरीच्या कडेला, दाराच्या बिजागरीखाली ते ठेवून दिले. पेटी डांबराच्या गोळ्यांसकट मावशींच्या कपाटावर नेऊन ठेवली.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी सकाळी जमिनीवर झुरळं उताणी पडलेली. खोलीसोबतिणीने सुपलीत गोळा केली आणि मुद्दाम मावशींच्या पुढून नेली.

"हे तुमच्या घरातले न्हाईत ना, मावशी?"

मावशींनी सुपलीत निरखून पाहिलं. "छे. तुमच्याच गावचे दिसायलेत. लय माजलेत."

दुपारी त्याच मावशी वाटी घेऊन दारात उभ्या. "ती खळ जरा दे बाई. माझ्यासाठी न्हाई, शेजारणीला पायजे."

शेजारणीला पुढे तीन वेळा लागली.

त्याच आठवड्यात आमच्या गावाकडच्या एसटीने नेहमीसारखा डबा आला. आई आठवड्यातून एकदा कंडक्टरकाकांजवळ भाकरी आणि चटणी देते, मी स्टँडवर जाऊन घेते. या वेळी दोन पिशव्या होत्या. काकांनी दुसरी पिशवी हात लांब करून दिली. "हिच्यात काय घातलंय गं तुझ्या बापानं? पालमपासून आवाज यायलाय."

आत खोकल्याच्या औषधाच्या सात रिकाम्या बाटल्या होत्या, झाकणांना दाभणाने भोकं पाडलेली. एकीत लाल ढेकण्या आणि कापसाचं पान. एकीत ठिपक्याठिपक्यांचे ढालकिडे आणि करडईचं काटेरी पान. हरभऱ्याच्या डहाळीवर पतंग, तुरीच्या शेंगेवर रस शोषणारा ढेकूण, ज्वारीच्या पात्यावर नाकतोडा. चतुराच्या बाटलीत ओढ्याकाठचं लव्हाळं. एकीत नुसतं शेण आणि त्यात शेणकिडा.

मी फोन केला तर आईने घेतला. "तुझे दादा काल दिवसभर रानात वाकून फिरत होते. लोकं इचारत होते, पाकीट पडलं का म्हणून."

मग दादा बोलले. "कोन्ता किडा कशावर होता ते तुला कळावं म्हणून पानं टाकलीत. लिवायला मला टाइम लागतो, अन् अक्षर मॅडमनं बघावं असं न्हाई."

मी पिशवी छातीशी धरून स्टँडवरून खोलीकडे निघाले.

मी पेटी पुन्हा मांडली. या वेळी चिठ्ठ्या टाचणीतच. पण प्रत्येक किड्याशेजारी दादांनी पाठवलेल्या पानाचा वाळवलेला तुकडाही टोचला. एक जागा रिकामी राहत होती. तिथे झुरळ लावायचं खोलीसोबतिणीनेच सुचवलं. त्याच्या शेजारी मी कुरतडलेल्या रंगीत पट्टीचा तुकडा टोचला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मॅडमनी पेटी खिडकीशी नेली. बराच वेळ पाहिली. "पानं लावायला कोणी सांगितलं?"

मी खरं ते सांगितलं. खळ, झुरळं, बाटल्या, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या आणि मग पेन्सिलीचं टोक झुरळावर ठेवलं. "आणि याचं खाद्य?"

"कणकेची खळ, मॅडम. गूळ घातला तर जास्त आवडीने."

मॅडम हसल्या. शेजारच्या टेबलावरचे सरही वळून पाहायला लागले. पेटीला चांगले गुण मिळाले आणि पुढच्या मुलांना दाखवायला ती विभागातच ठेवून घेतली.

बाहेर आल्या आल्या मी फोन लावला. "दादा, पेटी पास झाली. तुमच्या पानांसकट."

पलीकडे वारा ऐकू येत होता. ते शेतात असावेत.

"मग एक इचारायचं होतं," ते म्हणाले. "येळ पडली तर असावेत म्हणून दोन नाकतोडे बाटलीत ठेवलेत. रोज पाला घालायलोय. आता सोडू का त्यांना?"

"सोडा, दादा."

"हां," ते म्हणाले, आणि झाकण फिरवल्याचा आवाज मला फोनमधून स्पष्ट आला.