बदाम बंद झाले तेव्हा

थोरली तिसरीत असताना तिच्या कोपरांवर पिवळसर गाठी दिसू लागल्या. मग टाचांच्या मागेही. मीरा रोडच्या आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कोलेस्टेरॉलचा आकडा बघून विचारलं, "रिपोर्ट हिचाच ना?"

घरातून अंडी, लोणी, तूप गेलं. शेंगदाणे, तीळ, भिजवलेले बदाम आले. गोळीही सुरू झाली. पण आकडा खाली येईना, गाठी वाढतच राहिल्या. ती जिना चढून आली की मी दारातच तिचा श्वास ऐकत उभी राहायची.

शेवटी मुंबईतल्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. "खायला काय देता?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. बदामाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"वनस्पतींमध्येही कोलेस्टेरॉलसारखा एक पदार्थ असतो, स्टेरॉल. लहान आतड्याच्या पेशी दोन्ही एकाच दारातून आत घेतात. मग वनस्पतीचं ते बहुतेक सगळं परत आतड्यात ढकलून देतात. हिच्या पेशींना ते ढकलणं जमत नसेल, तर ते रक्तात साचतं. साध्या तपासणीत तेही कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजलं जातं."

"म्हणजे बदामांनीच वाढलं?"

"आधी खात्री करू. तोवर बदाम, दाणे, तीळ बंद. तेल अगदी कमी. आणि हृदयाची सोनोग्राफी आजच करू."

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर नवरा तिचे जुने रिपोर्ट पुन्हापुन्हा चाळत होता. हृदय ठीक निघालं. रक्ताच्या खास तपासणीला मात्र वेळ लागला. ते दिवस मी तिच्या ताटाकडे भीतीनेच बघत काढले.

बाईंचा अंदाज बरोबर निघाला. जनुकातला हा दोष तिला आम्हा दोघांकडूनही आलेला होता. आता तिला ते आतड्यातलं दारच अडवणारी गोळी मिळाली. हळूहळू आकडा उतरला, गाठी मऊ पडल्या.

पण बाई म्हणाल्या होत्या, "धाकटीलाही तपासा."

तिचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. "तूच बघ. माझ्याच्याने होणार नाही."

मी दोनदा वाचलं. काही नव्हतं. हसू आलं आणि तिथेच अडकलं, कारण थोरली समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"तिला नाहीये ना?"

मी मान हलवली.

"बरं झालं," ती म्हणाली आणि धाकटीला हाताला धरून खाली खेळायला घेऊन गेली.