आंबा घाटातली घार

“कोण हाय ह्यो शाना? टोपणनावाआड लपून फोटो नापास करतोय! समोर यीऊन बोलायचं की!”

प्रिंट न्यायला आलेले सर्जेराव आमच्या लॅबच्या काउंटरवर हात आपटत होते. मी आत प्रिंटिंग मशीनवर बसले होते. तो शाना मीच होते.

सर्जेराव कोल्हापुरातले जुने लग्नाचे फोटोग्राफर. सीझनमध्ये आमच्या कलर लॅबचं निम्मं काम त्यांचंच असायचं. मी तिथं ऑपरेटर. माहेर गडहिंग्लज, सासर शिवाजी पेठ. प्रिंट काढण्याआधी फोटोचा रंग बघायचा, उजेड बघायचा, बारीक डाग पुसायचे, हे माझं काम. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते, लॅबमध्ये इंटरनेटही. दुपारी डबा खाऊन झाला की मी एका ऑनलाइन फोटो ग्रुपवर रिव्ह्यू करायचे.

रिव्ह्यू म्हणजे तपासणी. देशोदेशीचे हौशी लोक तिथं फोटो टाकायचे. दुसऱ्या सभासदानं तो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून बघायचा. फोकस नीट आहे का, फोटो तिरका नाही ना, कुठं डाग नाही ना. ठीक असेल तर सपोर्ट, नसेल तर अपोज, आणि खाली कारण. कुणी अपोज केलं की आणखी चारजण बघायचे, मग निकाल. पगार नाही, मानधन नाही. फोटो सुंदर आहे का हे कुणी विचारत नव्हतं. नीट काढलाय का, एवढंच.

माझा स्वतःचा पहिला फोटो तिथं नापास झाला होता. पेठेतल्या फुटबॉल मॅचचा होता. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसानं लिहिलं, ‘तिरका आहे.’ मला राग आला. मग स्क्रीनवर पट्टी लावून बघितली. गोलपोस्ट खरंच कलला होता. त्या दिवशी मला तो ग्रुप आवडला.

सर्जेरावांनी त्याच ग्रुपवर आंबा घाटाचा फोटो टाकला होता. मलकापूरच्या पुढं, दरीवर पसरलेलं आभाळ. वर उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका. मी लिहिलं, ‘सेन्सरवर धूळ आहे. अपोज.’ फिल्मच्या जागी डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर असतो. लेन्स बदलताना त्यावर धूळ बसली, की प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग येतो.

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण लपून बसणारी म्हटल्यावर मला बसवेना. मी बाहेर आले.

“सर्जेरावदादा, ते मी लिहिलंय.”

“तुमी? मी पंचवीस वर्सं लग्नं काढतोय. बटणं दाबणारी बाई मला शिकवणार व्हय?”

“शिकवत न्हाय. डाग दिसला, लिवला.”

“डाग न्हाय त्यो! घार हाय घार!”

“मग तीच घार परवाच्या लग्नात नवरीच्या डोक्यावर पण हुती. त्याच कोपऱ्यात.”

मी त्यांचीच सीडी कॉम्प्युटरला लावली. मांडवाबाहेरचे तीन फोटो उघडले. तिन्हीत ठिपका. “गेले कैक महिने मी ह्यो पुसून प्रिंट देतोय, दादा. तुमाला कदी दिसलाच न्हाय.”

काउंटरवरची दोन गिऱ्हाइकं हसली. तिथंच बिघडलं. सर्जेराव सीडी उचलून निघून गेले.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “शैला, ते मत काढून टाक. एका बटणाचं काम हाय.”

“त्यांनी डाग काढू दे, मी मत काढतो.”

“अगं, आपलं गिऱ्हाईक हाय ते!”

“तिथं ते गिऱ्हाईक न्हाईत, मालक. आणि मी तिथं तुमची नोकर न्हाय.”



“मग उद्यापासनं मशीनवर बसू नगंस,” मालक म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या खोलीत अल्बमची पानं चिकटवायला लागले. ग्रुपवर माझं मत तसंच राहिलं. आणखी चौघांनी फोटो बघितला, चौघांनीही अपोज केलं. घार कुणालाच दिसली नाही.

मशीनवर मालकांचा भाचा बसला. कामाला वाईट नव्हता, पण त्या कोपऱ्यात बघायची सवय त्याला नव्हती. सर्जेरावांच्या पुढच्या दोन लग्नांचे अल्बम डागासकट गेले. नवरीकडच्या लोकांनी ते परत आणले. एका पावण्यानं तर विचारलं म्हणे, “ह्यो काळा टिक्का कुणी लावलाय वर?”

त्यानंतर सर्जेरावांनी कॅमेरा पुण्याला पाठवून साफ करून आणला. मालक मागच्या खोलीत आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “मशीन मोकळं हाय.” मी हात धुतले आणि जाऊन बसले. माफी कुणी मागितली नाही. मीही नाही.

पावसाळा सरल्यावर सर्जेरावांनी त्याच घाटाचा नवा फोटो टाकला. मी पूर्ण मोठा करून कोपरा न् कोपरा बघितला. आभाळ स्वच्छ. पहिला सपोर्ट माझा. आपल्या फोटोखाली माझं टोपणनाव त्यांना दिसलं असणारच. पुढं कित्येक वर्षं ते लॅबमध्ये आले, पण माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

त्यातून एवढं शिकले, की माणसं डाग दाखवणाऱ्यावर आधी चिडतात आणि कॅमेरा नंतर साफ करतात. मधल्या दिवसांत अल्बम चिकटवायची तयारी असेल, तरच अपोज लिहावं.