टाकी साफ करायला आणलेला खेकडा

मंडळी, आत्ताच फरशी पुसून लिहायला बसलेय.

आमच्या माशांच्या छोट्या टाकीत शेवाळ फार धरतं. परवा शेजारचे पांडूदादा ओढ्यातला खेकडा घेऊन आले. "सोड यात. उरलंसुरलं खाईल, काच साफ ठेवील. काय करत न्हाय तो." मी सोडला.

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, लकवा झाल्यापासून ते दिवसभर त्या टाकीसमोर बसतात. वाचा जवळजवळ गेलीय.

आज सकाळी भाकऱ्या थापताना काच फुटल्याचा मोठा आवाज आला. धावत गेले, तर खोलीभर पाणी. बाबांच्या चांगल्या हातात काठी, पायातून रक्त. फरशीवर खेकडा मोठ्या गोल्डफिशला नांगीत धरून जिवंतपणीच त्याचं पोट फाडत होता. बाबांना हाक मारता आली नाही, म्हणून त्यांनी टाकीच फोडली होती.

मी काठी हिसकावली आणि खेकड्याला चेचायला लागले. तो मेला तरी थांबले नाही. शेवटी बाबांनी माझं मनगट धरलं.

"बाकीचे?" एवढंच म्हणाले.

दोन मासे कपाटाखाली तडफडत होते. उचलून बादलीत टाकले. जगलेत. बाबांच्या पायाला पट्टी बांधलीय.

खेकडा भुकेलाच होता हो. त्याला तिथे मी सोडलं.

आता नवी टाकी आणायचीय. कोणी गोगलगायी सुचवतंय, कोणी बारीक कोळंबी. पण कोळंबीला म्हणे गोल्डफिशच खातात. कोणी कुणाला खाणार नाही, असं काही तुमच्या टाकीत आहे का? नाहीतर काच मीच घासेन.