सीलचा ओठ

बाबांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधून तेल गळायचं. तेल अडवणारी आतली रबरी सील झिजली होती, पण नाशिकमध्ये तो गिअरबॉक्स उघडायला कुणी धजेना. शेवटी बाबा स्वतःच गाडीखाली शिरले. दुरुस्तीची इंग्रजी पुस्तिका वाचून मराठीत सांगायचं काम माझं. एरवी आमचं बोलणं जेवायला हाक मारण्यापुरतंच असायचं.

“सीलचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवायचा,” मी म्हटलं.

गाडीखालून हसू आलं. “ओठ? अगं, लिप म्हण लिप! लिपस्टिक लावू का त्याला?”

मीही हसले. हे काम संध्याकाळपर्यंत चालावं असं मला वाटत होतं. पण नवी सील बसली आणि बाबा हात पुसत बाहेर आले.

“पुस्तिकेत पुढे ब्रेकचं प्रकरण आहे,” मी घाईने म्हटलं.

“ब्रेक ठीक आहेत. जा, अभ्यास कर.”

ते घरात गेले. मी ते प्रकरण मनातल्या मनात मराठीत करत गाडीपाशीच उभी राहिले.